बिनफोडणीचं घर

वडगाव रासाईत पुतळाबाईंची फोडणी घड्याळापेक्षा खात्रीची होती. दिवेलागणीला त्यांच्या तव्यात लसूण-मिरची पडली, की गल्लीच्या टोकाला पारावर बसलेली माणसं शिंकायची आणि म्हणायची, "चला, पुतळाबाईंचं कालवण झालं. आपल्या घरी काय शिजतंय बघू." असल्या बाईच्या घरातून दोन दिवस फोडणीचा वास आला नव्हता. चूल पेटत होती, धूर निघत होता, भाकरी थापल्याचा आवाजही येत होता. पण कालवणाच्या नावानं नुसतं दही आणि आळणी वरण.

कारण घरात बया आली होती.

नात कस्तुरा आईबरोबर आजोळी, केंदूरला, लग्नाला गेली होती. तिथून ती ताप घेऊन आली, आणि परवा सकाळी तिच्या तोंडावर, हातापायांवर दाणे उमटले. पुतळाबाई रोगाचं नाव घेत नव्हत्या. पाहुणी आली, एवढंच म्हणत होत्या. पाहुणीला काय खपत नाही ते त्यांना सासूनं नीट शिकवलं होतं. फोडणीचा वास खपत नाही, घरात वहाण खपत नाही, चढा आवाज खपत नाही, आणि घरात कुणी सुई हातात धरलेली तर मुळीच खपत नाही. ज्याच्या अंगावर ती उतरली ते माणूस बरं होईपर्यंत माणूस नसतं, देवीच असते. म्हणून सहा वर्षांच्या कस्तुराला पुतळाबाई दोन दिवस 'अहो आई' म्हणत होत्या आणि लिंबाच्या डहाळ्यानं वारा घालत होत्या.

हा डहाळा रीतीप्रमाणे दारावर लावायचा. पण तो माजघरात लपवला होता, कारण पोपटराव. पुतळाबाईंचा हा मुलगा गावच्या सोसायटीचा चेअरमन होता आणि जत्रा तोंडावर आली होती. गावात देवी आल्याचं तालुक्याला कळलं की सरकारी माणसं येणार, घरावर पाटी लावणार, जत्रा बंद पाडणार. मग चेअरमनसाहेबांनी बोलावलेल्या पाहुण्यारावळ्यांना काय तोंड दाखवायचं? अब्रूपुढे पोपटरावांना दुसरं काही सुचत नसे.

"आई, नुसती फोडणी तरी दे गं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "वास न्हाई आला तर गल्लीला कळंल."

"सरकारला तू पायजे तेवढं फसीव," पुतळाबाई म्हणाल्या. "बयेला मी फसवायची न्हाई."

हे झालं घरातल्या कारभाराचं. पण पुतळाबाईंचा जीव खरा टांगला होता तो सोप्यातल्या पाळण्याला. कस्तुराच्या पाठीवर सून म्हाळसाला दोन मुलं झाली आणि दोन्ही गेली. मग इतक्या वर्षांनी हा मल्हारी. बारसं होऊन महिनाही झाला नव्हता. पुतळाबाई दर थोड्या वेळानं उठायच्या, पाळण्यात वाकून त्याच्या कपाळाला हात लावायच्या आणि कपाळ थंड लागलं की देवाचं नाव घ्यायच्या.

सारा आली ती दाणे उमटल्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारच्या यष्टीनं.

शिरूरच्या मिशन दवाखान्यात एलिया कंपाउंडर होते. औषधाची पेटी सायकलला बांधून ते भीमाकाठची गावं करायचे आणि पुढच्या दांडीवर त्यांची ही लेक बसलेली असायची. पुतळाबाईंनी तिला कितीदा तरी भाकरी वाढली होती, अर्थात ओट्याच्या खालच्या पायरीवर. तशीच तेव्हाची रीत होती, आणि तेव्हा पुतळाबाईंना त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं. पुढे ती पोर मद्रासकडे शिकून डॉक्टर झाली आणि आता आफ्रिकेत कुठल्याशा मुलखात देवीचा रोग हटवायच्या मोहिमेची मुख्य होती, असं लोक सांगत. तिच्या हाताखाली शंभरावर माणसं, मोटारी, नदीतून जायला होड्या. गोरे डॉक्टरसुद्धा तिला विचारून पाऊल टाकतात म्हणे. सुटीवर बापाला भेटायला आली, तर केंदूरला रोगी सापडल्याचं कळलं, आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला विनंती केली, की बाई, भीमाकाठची गावं तेवढी फिरून या. सुटी संपवायची ही एक पद्धत झाली.

पोपटरावांनी तिला चावडीत चहा पाजला आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "डॉक्टरीणबाई, आमच्या गावात तसलं कायबी न्हाई. एक बी केस न्हाई."

"बरं झालं," सारा म्हणाली आणि चहा संपवून गावातून चालायला लागली. कुणाचं दार वाजवलं नाही, कुणाला काही विचारलं नाही. दिवेलागण होईपर्यंत या गल्लीतून त्या गल्लीत नुसती हिंडत राहिली. मग पुतळाबाईंच्या घरासमोर आली, थांबली, वर धुराकडे पाहिलं, आणि ओट्याच्या त्या खालच्याच पायरीवर बसली.

पुतळाबाई दारात आल्या. ओळखायला वेळ लागला नाही. डोळे बापाचेच होते.

"मावशी," सारा हळूच म्हणाली, "आज कालवणाला फोडणी न्हाई दिली?"

त्यांनी मागे वळून पाळण्याकडे पाहिलं, मग पायरीवरच्या बाईकडे. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण शब्द निघेना. आत बया ऐकत होती.

"तुला कुनी सांगितलं?"

"तुमच्या धुरानं सांगितलं. सगळ्या गल्लीला खमंग वास, आन् तुमच्याच घराला न्हाई." सारानं वहाणा काढून बाजूला ठेवल्या. "किती दिवस झाले दाणे उमटून?"

"परवा," पुतळाबाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. मग त्यांचं लक्ष त्या खालच्या पायरीकडे गेलं आणि का कोण जाणे, त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं. "वर ये गं. तिथं नको बसू."

सारा वर आली. आत जाण्याआधी तिनं स्वतःच लिंबाचा पाला घातलेलं पाणी मागून पायांवर ओतून घेतलं. पुतळाबाई बघत राहिल्या. किरिस्तावाची पोर, हिला ही रीत पाळायचं काय कारण?

"घर तुमचं, रीत तुमची," सारा म्हणाली. तिनं कस्तुराला पाहिलं, हात न लावता, गुडघ्यावर बसून, बराच वेळ. डोळ्यांत दाणे नाहीत, पाणी पितेय, हे बघून तिचा चेहरा जरा मोकळा झाला. पण बाहेर येताना पाळणा दिसला आणि ती जागीच थांबली.

ओट्यावर बसल्यावर तिनं सांगितलं ते पुतळाबाईंनी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

"मावशी, मी जिथं काम करते त्या देशाचं नाव डाहोमी. समुद्रापलीकडं. तिथंबी लोक या रोगाचं नाव घेत न्हाईत. म्हनतात, भुईचा राजा आलाय."

"राजा?" पुतळाबाईंनी डोळे विस्फारले. "बाई न्हाई?"

"तिथं पुरुष हाय. भुईचा मालक. मका, बाजरी, सगळं तोच पिकवतो आन् माणसांना खायला घालतो. आन् कोपला, की माणसानं जन्मभर खाल्लेले दाणे त्याच्या अंगावर उगवून येतात."

पुतळाबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. जन्मभर त्यांनी बाजरी पेरली, काढली, पाखडली, दळली, खाल्ली होती. आत पोरीच्या अंगावर होते ते दाणे त्यांच्या डोळ्यांसमोर आले आणि त्यांना वाटलं, कुणी काळ्या मुलखातली, आपल्यासारखीच रानात राबणारी म्हातारी हे बरोब्बर बोललीय. इतक्या लांब, समुद्राच्या पल्याड, तीच पाहुणी दुसऱ्या नावानं, दुसऱ्या रूपानं घरोघर बसलेली आहे! आपली शितळाई म्हणजे वेशीबाहेरच्या लिंबाखालचा शेंदूर फासलेला दगड, तांदळा, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तिचा पसारा एवढा मोठा असेल असं त्यांच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं. त्यांनी नकळत हात जोडले.

"तिथल्या एका भागात राजा घरी आला की मका कांडत न्हाईत," सारा सांगत होती. "आम्ही आधी दारोदार विचारत फिरायचो, सगळे न्हाई म्हनायचे. मग मी माझ्या माणसांना सांगितलं, विचारू नका, पहाटे नुसतं ऐका. ज्या घरात मुसळ वाजत न्हाई, तिथं बसा. मानूस आपल्याला खोटं सांगंल, देवाला न्हाई सांगत."

"आता कसं हाय तिथं?"

"माझ्या भागात पावसाळ्यापासून नवा रोगी न्हाई."

"म्हंजी?" पुतळाबाईंना कळेना. "मग ती गेली कुठं?"

"घर शोधत हिंडतीया, मावशी. आन् घरं कमी व्हायला लागलीत."

एवढी मोठी देवी, राजा म्हणा, बया म्हणा, जिच्या नावानं त्यांच्या आजेसासूपासून सगळ्यांनी माना खाली घातल्या, तिला घर मिळेनासं करणारी बाई त्यांच्या ओट्यावर मांडी घालून बसली होती, आणि तिच्या साडीला शिरूरच्या यष्टीतली धूळ लागलेली होती. भ्यावं की पाया पडावं, त्यांना समजेना.

मग सारानं पाळण्याकडे बोट केलं. "याला उद्या टोचलं तर हा वाचेल, असं मी म्हनू शकते. परवा-तेरवा टोचलं तर मला सांगता यायचं न्हाई. आन् न टोचता एवढ्या लहान जिवाला ती आली, तर..."

तिनं पिशवीतून सुई काढून दाखवली. पूर्वीचा टोचणारा दातेरी चक्री घेऊन यायचा, दंडावर दाबून पिळायचा, पोरं गुरासारखी ओरडायची. दोन वर्षांमागं तो आला तेव्हा पुतळाबाईंनी कस्तुराला बाजरीच्या कणगीत लपवली होती आणि वर सूप झाकून त्यावर स्वतः बसल्या होत्या. ही सुई तशी नव्हती. बोटभर लांब, टोकाला दोन बारीक दात.

पण सुई ती सुई. पुतळाबाई मागे सरकल्या.

"घरात बया बसल्याली असताना? न्हाई गं बाई. तिच्या म्होरं सुई चालवली तर पोरगीबी जाईल आन् पोरगाबी."

म्हाळसा दाराआडून ऐकत होती. ती रडायला लागली. पोपटराव आले, आणि आपलं बिंग फुटलंय हे बघून एकदम दुसऱ्या टोकाला गेले. "बाई, तुम्ही सरकारी हुकूम काढा. मी पोलीसपाटलाला बोलावतो, आई काय करतीया बघतो."

"नको," सारा म्हणाली. "आमच्यातल्याच एका साहेबानं तिकडं पोलीस नेले होते. एका दिवसात सगळं गाव टोचून झालं असा त्यानं समज करून घेतला. पहाटे बघतो तर अर्धं गाव लेकरं उचलून रानात पळालेलं. त्यांच्याबरोबर रोग पुढच्या गावांत गेला. ती लेकरं आम्ही मग पुरली. जबरदस्ती मी करनार न्हाई."

मग पुतळाबाईंनीच तोड काढली.

"मी सकाळी शितळाईला कौल लावते. तिनं व्हय म्हनलं तर टोच. न्हाई म्हनलं तर तू तुझ्या वाटंनं जा."

सारानं पाळण्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते पुतळाबाईंना कळलं नाही. "शब्द देते," ती म्हणाली. "कौल जो पडंल तो."

सकाळी ओलेत्यानं पुतळाबाई वेशीबाहेर गेल्या. लिंबाखाली हौशीराम गुरवानं तांदळ्यावर पाणी घातलं, उजव्या-डाव्या अंगाला एकेक झेंडूची पाकळी चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सारा लांब रस्त्यावर उभी होती.

पुतळाबाईंनी डोळे मिटले. त्यांनी आयुष्यात पुष्कळ कौल लावले होते. बैल घ्यायचा, विहीर खणायची, पोपटची सोयरीक करायची. देवीनं त्यांना कधी फसवलं नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात म्हटलं, आई, तुझा पसारा मला काल कळला. एवढ्या मोठ्या मुलखाची तू धनीण. एवढंसं एक पोर माझ्याकडं राहू दे.

डोळे उघडले तेव्हा पाकळी घरंगळत होती. डावी.

हौशीरामनं मान हलवली. "न्हाई म्हनतीया."

त्या घरी आल्या. पायाखालची वाट त्यांना दिसत नव्हती. सारानं लांबूनच हौशीरामची मान पाहिली होती. ती मागोमाग आली, ओट्यावरची आपली पिशवी उचलली, सुयांची डबी आत ठेवली, बंद बांधायला घेतले. एवढ्या मोहिमा चालवणारी बाई, पण तिला गाठ मारता येईना.

"येते, मावशी," ती म्हणाली. शब्द दिला होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिनं ते लपवलंही नाही.

पुतळाबाई सोप्यात उभ्या होत्या. मल्हारी जागा होता आणि स्वतःच्या मुठीकडे मोठ्या नवलानं बघत होता. आत कस्तुरा कण्हत होती. एका दाराच्या अलीकडे नातू, पलीकडे देवी, आणि मधे त्या. देवीनं स्पष्ट सांगितलं होतं. त्यांना ते ऐकू आलं नाही असं नव्हतं, आणि कौल खोटा आहे असंही त्यांच्या मनात क्षणभरसुद्धा आलं नाही.

"थांब," त्या म्हणाल्या.

त्या माजघरात गेल्या, कस्तुराच्या पायांशी लोटांगण घातलं आणि मोठ्यानं बोलल्या, इतक्या मोठ्यानं की ओट्यावर सारानं, चुलीपाशी म्हाळसानं आणि गल्लीतल्या चार घरांनी ऐकलं.

"आई, तू न्हाई म्हनालीस. मी ऐकलं. सगळं ऐकलं. आजवर तुझा शबुद मोडला न्हाई, आज मोडते. पोराचा यात दोष न्हाई, पोरीचा न्हाई, त्या बाईचाबी न्हाई. ही पुतळा मोडते. काय करायचं ते माझं कर."

मग त्या बाहेर आल्या, ओट्यावर सारासमोर बसल्या आणि बाही वर सारली. सुरकुतलेला दंड पुढे केला.

"आधी मला टोच. राग कुनावर काढायचा ते तिला नीट कळू दे. मंग पोराला."

सारानं पिशवी पुन्हा सोडली. तिनं डबी उघडली. सुई लशीत बुडवली आणि पुतळाबाईंच्या दंडाशी आणली तेव्हा तिचा हात थरथरत होता. हजारो दंड टोचलेला तो हात थरथरताना बघून पुतळाबाईंनी त्याचं मनगट धरलं. "भिऊ नगंस," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर न्हाई येनार ती. मी सांगितलंय तिला."

म्हाळसानं स्वतः मल्हारीला आणून सासूच्या मांडीवर दिला. सुई लागली तेव्हा तो किंचाळला, आणि पुतळाबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. आता छप्पर कोसळेल, आता वीज पडेल, असं त्यांना खरोखर वाटत होतं. काही झालं नाही. गल्लीतून एक शेळी गेली. पोर दूध मागायला लागलं.

मग त्या वाट पाहत राहिल्या. मल्हारीला थोडा ताप आला तेव्हा पुतळाबाईंनी अन्न सोडलं. दंडावर फोड आला, पिकला, खपली धरली. सारा रोज येऊन बघायची आणि म्हणायची, हे असंच व्हायला पाहिजे. गावातल्यांनी पुतळाबाईंचं ओरडणं ऐकलंच होतं. ज्या बाईनं देवीच्या तोंडावर नाही म्हटलं तिला बघायला आधी लोक आले, आणि मग एकेक करत बाह्या वर करून सारापुढं बसायला लागले. पोपटराव नावं पुकारायला पुढं होते, हे सांगायला नकोच. त्या साली जत्रा भरली नाही, आणि चेअरमनसाहेबांची अब्रूही कुठं गेली नाही. कस्तुराच्या खपल्या पडल्या. गालांवर खड्डे राहिले, पण डोळे शाबूत होते. दहीभाताचा नैवेद्य दाखवून पुतळाबाईंनी बयेची बोळवण केली. निरोप देताना त्यांना मान वर करता आली नाही.

साराची सुटी संपली तेव्हा पुतळाबाई होडीनं भीमा ओलांडून तिला दौंडच्या स्टेशनवर पोचवायला गेल्या. आगगाडी त्यांनी पहिल्यांदा पाहिली. पण तिच्याकडे त्यांचं फारसं ध्यान नव्हतं. त्यांनी मल्हारीचा दंड उघडा करून साराला दाखवला. खपली पडून तिथं रुपेरी वण उठला होता. सारानं त्यावर बोट फिरवलं.

"मावशी, अजून भीती वाटते का हो?" तिनं विचारलं.

"वाटती की," पुतळाबाई म्हणाल्या. "रोज वाटती. तिचा राग यायचा हाय अजून. येईल तवा येईल, मी हाय घरीच." त्यांनी मल्हारीला पदराखाली घेतलं. "सारा, तिकडं त्या राजाच्या मुलखात माझ्यासारख्या म्हाताऱ्या असतील न्हवं? पाळण्यापाशी बसल्याल्या?"

"घरोघर असतात."

"मग त्यास्नी माझा एक निरोप सांग. म्हनावं, वडगावात एक म्हातारी हाय. तिनं देवीचा कौल मोडला. आधी आपला दंड पुढं केला, मंग नातवाचा." गाडीची शिट्टी झाली, तसा त्यांनी आवाज चढवला. "आन् म्हनावं, ती म्हातारी अजून जिती हाय."